काळ्या पाषाणातील किमया

परिसाची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. हत्ती गडावरच्या तळ्यात पाणी प्यायला उतरतो, त्याच्या पायातील लोखंडी साखळीला तळाचा कसलासा दगड लागतो, आणि वर येईतो साखळीच्या चार कड्या पिवळ्याधमक झालेल्या असतात! ज्या किल्ल्यावर म्हणून एखादे खोल टाके आहे, त्याच्या पायथ्याच्या गावात ही गोष्ट आपल्याच टाक्याची म्हणून सांगणारा एक तरी म्हातारा असतोच. त्याच्या जोडीला पाऱ्याचे सोने करणारे गोसावी, तांब्याला गंधकाची पुटे देणारे बुवा, आणि त्यांच्या नादाने घरातली भांडी वितळवून बसलेले सावकार. किमया या शब्दाला आपल्याकडे जितके मोहक तितकेच फसवणुकीचे वलय आहे.

शाळेच्या पुस्तकाने या सगळ्यावर पाणी ओतले. लोखंड ते लोखंड, तांबे ते तांबे. मूलद्रव्ये एकमेकांत मिसळतील, वेगळी होतील, पण एकाचे दुसरे कधी होणार नाही, हा एकोणिसाव्या शतकाच्या रसायनशास्त्राचा पाया. तो पाया घालताना शास्त्रज्ञांनी किमयागारांना इतके हाकलले होते, की तो शब्दसुद्धा प्रयोगशाळेत उच्चारण्याची चोरी झाली.

आणि तरीही एका मूलद्रव्याचे दुसरे होते. कोणी बुवा न येता, पुट न देता, विस्तव न पेटवता होते. आमच्या खर्डीभोवती जो काळा डोंगर उभा आहे, त्याच्या दगडात हा व्यवहार या घटकेला चालू आहे. आणि त्याचाच हिशेब मांडून माणसाने डोंगराचे वय काढले आहे. मी काही शास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण “गुरुजी, आपला डोंगर किती जुना?” असे वर्गातले एखादे पोर दर वर्षी विचारते, आणि ‘फार जुना’ या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. म्हणून ही हकीकत मी जुळवली. दिवाळीत फराळाची ताटे शेजारी ठेवून वाचण्यासारखी ती आहे, असे मला वाटते.

सुरुवात मात्र डोंगरापासून नव्हे, गॅसबत्तीपासून करावी लागेल.

माझ्या लहानपणी लग्नाच्या वराती गॅसबत्त्यांच्या उजेडात निघत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, अशी माणसे दोन्ही बाजूंनी चालत. त्यांच्या मधून नवरदेवाचा घोडा. भजनाला तीच बत्ती ओसरीच्या आढ्याला टांगायची. खाली रॉकेलची टाकी, तिला पंप मारायचा, आणि वर काचेच्या आत ती नाजूक जाळी. तिला आम्ही ‘मेंटल’ म्हणत असू. दुकानातून आणली तेव्हा ती मऊ सुती पिशवी. बांधून पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाई आणि मागे पांढऱ्या राखेचा सांगाडा तेवढा राही. हा सांगाडाच लखलखे. त्याला बोट लागले, नाही तर एखाद्या किड्याने धडक दिली, की झाला भुगा. मग ज्याने हात लावला त्याचा उद्धार.

ती राख साधी नव्हती. व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या रसायनज्ञाने 1885 साली अशा जाळीचा शोध लावला, आणि पुढे 1891 च्या सुमारास तिचे प्रमाण बसवले: शंभरातले नव्याण्णव भाग थोरियमचे भस्म, एक भाग सेरियमचे. सूत जळते, थोरियम उरतो, आणि तापून पांढरा उजेड देतो. हा थोरियम आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत भरपूर. मुंबईजवळ ट्रॉम्बेला, म्हणजे आपल्या तुर्भ्याला, 1955 साली थोरियमचा कारखाना निघाला, आणि त्याचे थोरियम नायट्रेट अशा जाळ्यांच्या धंद्याला जाऊ लागले. आता या जाळ्यांत बहुतेक ठिकाणी दुसरी द्रव्ये वापरतात. पण ज्या काळात घराघरांत त्या लटकत होत्या, त्या काळात वरातीच्या डोक्यावरून थोरियम मिरवला जात होता, आणि कोणाच्या गावीही नसताना त्याचे कण मोडत होते.

हे मोडणे पहिल्यांदा हाताला लागले ते कॅनडातील माँट्रियल शहरी. युरेनियममधून अदृश्य किरण निघतात हे बेकेरेलला पॅरिसमध्ये 1896 साली कळले होते. थोरियमही तसाच आहे हे 1898 साली दिसून आले. त्याच वर्षी अर्नेस्ट रदरफर्ड हा न्यूझीलंडच्या शेतकरी घरातला तरुण माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक होऊन आला. त्याचे सहकारी ओवेन्स थोरियमचे किरण मोजत होते, आणि आकडा काही केल्या स्थिर राहीना. खोलीचे दार उघडले की आकडा बदले! दारातून येणाऱ्या वाऱ्याचा आणि किरणांचा संबंध काय? रदरफर्डने माग काढला. थोरियममधून कसला तरी वायू सुटत होता, आणि तो वाऱ्याबरोबर उडून जात होता. वायू स्वतः किरण टाकी. पण त्याचे तेज एका मिनिटाच्या आतच निम्मे होई, पुढच्या तितक्याच वेळात उरलेल्याचे निम्मे, असे करीत विझत जाई.

मग फ्रेडरिक सॉडी हा तेवीस-चोवीस वर्षांचा रसायनज्ञ त्याला येऊन मिळाला. त्याने वायूवर नाना प्रयोग केले. वायू कशालाच दाद देईना. म्हणजे तो थोरियम तर नव्हेच, तर आर्गॉनच्या घराण्यातला, कोणाशी न मिसळणारा, निराळाच वायू. थोरियममधून! सॉडीने पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: तो आनंदाने ओरडला, की ही तर किमया झाली, आणि रदरफर्डने त्याला तिथल्या तिथे दटावले, की बाबा, तो शब्द काढू नकोस, लोक आपल्याला किमयागार म्हणून धरतील.

त्याच सुमारास त्यांनी थोरियममधून एक अतिशय तेजस्वी अंश रासायनिक रीतीने वेगळा काढला. उरलेला थोरियम जवळजवळ निस्तेज झाला. एवढ्यात 1901 सालच्या नाताळची सुट्टी लागली, आणि आपण दिवाळीला शाळेला कुलूप लावून जातो तसे हे दोघे प्रयोगशाळा बंद करून गेले. परत येऊन पाहतात तो बाजी उलटलेली. वेगळा काढलेला अंश विझला होता, आणि निस्तेज थोरियम पुन्हा पहिल्यासारखा तेजाळला होता. नवा अंश त्याने आपल्यातून जन्माला घातला होता. मोजून पाहिले तेव्हा एकाचे तेज जितक्या दिवसांत निम्मे होई, तितक्याच दिवसांत, म्हणजे सुमारे चार दिवसांत, दुसऱ्याचे निम्मे भरून येई. 1902 आणि 1903 साली दोघांनी जगाला सांगून टाकले की किरण हे मूलद्रव्य बदलत असल्याची खूण आहे. मला विचाराल तर शास्त्राच्या इतिहासात सुट्टीचा इतका सदुपयोग दुसरा कोणी केला नसेल.

पण बदल होतो म्हणजे होते काय? मी वर्गात हजेरीपटाचा दृष्टान्त देतो. प्रत्येक मूलद्रव्याचा एक क्रमांक असतो, आणि तो त्याच्या अणुगर्भातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरतो. 90 म्हणजे थोरियम, 88 म्हणजे रेडियम, 82 म्हणजे शिसे. क्रमांक बदलला की नाव बदलले. मग त्याचा रंग, गुण, वागणूक सारेच निराळे. थोरियमचा अणुगर्भ मोठा आणि अवजड. केव्हा तरी त्यातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचे एक गाठोडे बाहेर फेकले जाते. नव्वदातून दोन गेले, उरले अठ्ठ्याऐंशी, आणि थोरियमच्या जागी रेडियम आला. दुसरीही एक तऱ्हा आहे: गर्भातला एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तेव्हा क्रमांक एकाने चढतो. थोरियमचा अणू अशा दहा पायऱ्या उतरतो-चढतो. सहा वेळा गाठोडे फेकतो, चार वेळा इलेक्ट्रॉन. वाटेत तो रेडियम होतो, अ‍ॅक्टिनियम होतो, रदरफर्डचा तो वायू होतो, पोलोनियम होतो, आणि शेवटी शिसे होऊन स्वस्थ बसतो. आमच्या किमयागारांना शिशाचे सोने हवे होते; निसर्गाने सगळी यातायात करून शिसेच करावे, हा त्या बिचाऱ्यांवर मोठाच सूड म्हणायचा!

कोणता अणू केव्हा मोडेल हे कोणालाही सांगता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या आठवा. तापल्या वाळूत साळ टाकली की अमुकच दाणा आता फुटेल असे कोणी म्हणू शकत नाही; पण इतक्या वेळात निम्मे दाणे फुटतील हे भाजणारी बाई नेमके सांगते. अणूंचे असेच. निम्मे मोडायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. दृष्टान्त इथपर्यंतच चालतो, कारण लाह्यांखालचा जाळ वाढवता येतो. अणूंना घाई करता येत नाही. भट्टीत घाला, बर्फात ठेवा, आम्लात बुडवा, थोरियमचे अर्धायुष्य 1,405 कोटी वर्षे ते तेवढेच. विश्वाचे आजचे वय 1,380 कोटी वर्षांच्या आसपास धरतात, त्याहूनही ते मोठे. आणि त्या वायूचे? छप्पन सेकंद. एकाच घराण्यात असे पूर्वज आणि असे वंशज.

आता त्या फेकलेल्या गाठोड्याची गोष्ट. ती सांगताना वाट कोकणातून जाते.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. लॉकयर साहेबाने 1868 च्या खग्रास ग्रहणात इथे दुर्बीण लावून सूर्यावर हेलियम शोधला, असे तिथे मोठ्या अभिमानाने सांगतात. आपल्या मुलखाचा अभिमान मलाही आहे. पण 18 ऑगस्ट 1868 च्या त्या ग्रहणाला लॉकयर इंग्लंडमध्येच होता. त्या दिवशी फ्रेंच ज्योतिषी जान्सेन आंध्रातील गुंटूरला होता. सूर्याच्या ज्वाळांच्या प्रकाशातील तेजस्वी रेषा त्याने पाहिल्या, आणि ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्याने ओळखले. लॉकयरने दोन महिन्यांनी लंडनहून, ग्रहण नसतानाच, त्या पाहिल्या आणि त्यातील पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही असे ठरवले. सूर्याच्या ग्रीक नावावरून तिला नाव मिळाले हेलियम. विजयदुर्गला लॉकयर आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. ओटे खरे, साहेबही खरा; तीस वर्षांचे अंतर तेवढे लोकांच्या तोंडी पुसले गेले.

त्याच्या येण्याआधी तीन वर्षे, 1895 साली, रॅम्झेने लंडनमध्ये हेलियम पृथ्वीवरच गाठला होता. कशात? तर युरेनियमच्या एका खनिजात कोंडलेला. सूर्यावरचा वायू दगडाच्या पोटात कसा, याचा उलगडा तेव्हा झाला नाही. तो केला रदरफर्डनेच, मँचेस्टरला, 1908 साली. कागदाहून पातळ भिंतीची एक काचनळी करवून त्याने रेडियममधून निघणारा वायू तीत कोंडला, आणि तिच्याभोवती दुसरी रिकामी नळी बसवली. फेकलेली गाठोडी पातळ काच भेदून बाहेरच्या नळीत साठली. काही दिवसांनी तिच्यात वीज सोडली तो हेलियमची पिवळी रेषा उमटली. अणूने टाकलेले गाठोडे हाच हेलियमचा गर्भ. जत्रेतला तरंगता फुगा ज्या वायूवर तरंगतो, तो बहुतेक सगळा पृथ्वीच्या पोटात युरेनियम-थोरियम मोडताना साठलेला असतो.

इथून डोंगराकडे वळता येते. कारण दगडात अशी शिल्लक साठत असेल, तर तिच्यावरून किती काळ लोटला हे काढता यावे, हे रदरफर्डच्या लगेच ध्यानात आले होते. वयाचा प्रश्न त्या वेळी पेटलेला होता. लॉर्ड केल्व्हिन हे इंग्लंडातील पदार्थविज्ञानाचे भीष्माचार्य. पृथ्वी तप्त गोळ्यापासून निवत आली असे धरून त्यांनी 1897 साली तिचे वय 2 ते 4 कोटी वर्षे ठरवले होते. भूगर्भवाले कळवळून सांगत की थर एवढ्या काळात बसत नाहीत. पण भीष्माचार्यांपुढे बोलणार कोण? 1904 साली लंडनच्या व्याख्यानात रदरफर्डने, समोर खुद्द केल्व्हिन बसलेले असताना, किरणोत्सर्ग हा उष्णतेचा नवा झरा आहे हे सांगितले, आणि ‘नवा झरा सापडला नाही तर’ ही अट आपण स्वतःच घातली होती याची त्यांना मोठ्या खुबीने आठवण दिली. 1907 साली अमेरिकेतील बोल्टवुडने खनिजांतील युरेनियम आणि त्यापासून झालेले शिसे यांचे प्रमाण काढून वये मांडली. ती 40 कोटींपासून 220 कोटी वर्षांपर्यंत गेली. केल्व्हिनच्या हिशेबाने अख्खी पृथ्वीसुद्धा आमच्या खर्डीच्या डोंगराहून लहान ठरली असती!

आमचा डोंगर म्हणजे गोठलेला लाव्हारस. माहुलीचे सुळके पाहा, कसाऱ्याचा घाट पाहा. पायऱ्या रचाव्यात तसे थरावर थर. 1865 साली आगगाडी थळ घाट चढून इगतपुरीला पोचली, त्यासाठी फोडलेल्या कातळात हे थर उघडे पडले. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. या काळ्या दगडात थोडे पोटॅशियम असते, आणि पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत एखादाच अस्थिर. त्याचे अर्धायुष्य 125 कोटी वर्षे. असे शंभर अणू मोडले की सुमारे एकोणनव्वदांचे कॅल्शियम होते. उरलेल्या अकरांत एक प्रोटॉन बाहेरचा इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन बनतो. क्रमांक 19 चा 18 होतो. आणि तो असतो आर्गॉन.

हा आर्गॉन वायू, आणि कोणाशी न मिसळणारा. लाव्हा वितळलेला असताना आधीचा आर्गॉन निघून जातो. दगड गोठला की नवा निर्माण होणारा आत कोंडला जातो. म्हणजे दगड गोठला त्या दिवशी पाटी कोरी, आणि तिथून जमाखर्च सुरू. आपण श्वासात घेतो त्या हवेत शेकडा एक भाग आर्गॉन आहे, तोही जवळजवळ सारा असाच पोटॅशियमपासून झालेला. घरातल्या पाट्या-वरवंट्यात हेच चालू आहे. फार काय, माणसाच्या अंगातही पोटॅशियम असते. प्रौढ माणसाच्या देहात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू असे बदलतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. माणूस पृथ्वीवर आला तेव्हापासून हे असेच आहे.

खनिजांत साठलेला हा आर्गॉन 1948 साली अमेरिकेत ऑल्ड्रिच आणि नीअर यांनी दाखवला, आणि जगभर दगड तपासले जाऊ लागले. दख्खनच्या दगडांनी मात्र बराच छळ मांडला. पावसाने कुजलेल्या दगडातून आर्गॉन झिरपून जातो, मग वय कमी भरते. कोणाचे 3 कोटी, कोणाचे 8 कोटी. उपाय निघाला तो 1966 साली, आणि तो स्वतःच एक किमया आहे. दगडाचा तुकडा अणुभट्टीत ठेवायचा. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्यातील साध्या पोटॅशियमपैकी काही अणूंचे मुद्दाम आर्गॉन करायचे. हा माणसाने केलेला आर्गॉन वजनाने किंचित हलका, म्हणून वेगळा ओळखू येतो. तो पोटॅशियमचे माप देतो, निसर्गाने केलेला आर्गॉन काळाचे; आणि दगड पायरीपायरीने तापवत दोन्ही एकाच वेळी मोजले की कुठे गळती झाली तेही कळते. पवईच्या आय. आय. टी.तील शास्त्रज्ञांनी यासाठी दगड ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ठेवले आहेत. ज्या तुर्भ्याहून मेंटलचा थोरियम निघे, त्याच तुर्भ्याला सह्याद्रीचा दगड वय विचारायला जावा, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

उत्तर आले सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे. एवढ्या काळात दगडातील अस्थिर पोटॅशियमपैकी शंभरातले जेमतेम साडेतीन अणू मोडले आहेत. बाकीचे रांगेत उभे आहेत.

पण याच आकड्याने नवे भांडण उभे केले. डायनोसॉर आणि त्यांच्याबरोबर कितीतरी जीवजाती पृथ्वीवरून नाहीशा झाल्या त्याही 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच. त्याच वेळी मेक्सिकोच्या किनारी एक प्रचंड अशनी आदळला. मग खुनी कोण? आकाशातून पडलेला दगड, की आमच्या घाटातून ओकलेला विषारी वायू? 2015 साली प्रिन्स्टनच्या मंडळींनी घाटातील तांबड्या पट्ट्यांतून झिरकॉनचे बारीक कण वेचले. हा स्फटिक बनताना युरेनियम पोटात घेतो आणि शिसे बाहेर ठेवतो. तेव्हा आत सापडणारे शिसे युरेनियमचेच अपत्य. त्यावरून त्यांनी सांगितले, की मुख्य उद्रेक त्या संहाराच्या अडीच लाख वर्षे आधी सुरू झाले आणि एकंदर साडेसात लाख वर्षे चालले. 2019 साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. युरेनियम-शिशाचे घड्याळ लावणारे म्हणाले, लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला आणि त्यांतली एक संहाराच्या नेमकी आधी. आर्गॉनचे घड्याळ लावणारे म्हणाले, तो पुष्कळसा संथपणे येत राहिला आणि बहुतांश लाव्हा संहारानंतर आला. पहिले खरे असतील तर आमच्या डोंगरावर संशयाची सुई राहते; दुसरे खरे असतील तर डोंगर बराचसा सुटतो. तंटा अजून मिटलेला नाही.

वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “म्हणजे गुरुजी, त्यांना अजून नीट माहीतच नाही!” मी त्याला फळ्यावर त्रैराशिक मांडायला लावले: 6 कोटी 60 लाखांत 2 लाखांचा घोळ, तर 80 वर्षांच्या आजीच्या वयात किती? उत्तर तीन महिने आले. तो म्हणाला, “आमच्या आजीच्या वयात तर दहा वर्षांचा घोळ आहे,” आणि घंटा झाली.